शेतावरून येणारा शिमोन : वऱ्हाडातील दुःख आणि क्रुसाचा अर्थ



अमरावती शहरातील राजापेठ आपल्यापैकी बहुतेकांना परिचित आहे. बडनेऱ्याच्या रस्त्यावरील हा गजबजलेला भाग म्हणजे खेड्यांतून येणाऱ्या माणसांसाठी शहराचा उंबरठा होय. येथील बसस्थानकावर उतरणाऱ्या गर्दीकडे थोडा वेळ पाहिले तरी वऱ्हाडाच्या वर्षाचे वेळापत्रक ध्यानात येते. मृगाच्या तोंडावर बियाणे आणि खतासाठी आलेला शेतकरी दिसतो, दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या भावाची चौकशी करणारा दिसतो. आणि बाराही महिने दिसते ती हातात प्लास्टिकची पिशवी घट्ट धरून तहसील कार्यालयाचा किंवा बँकेचा रस्ता विचारणारी एखादी स्त्री. त्या पिशवीत अनेकदा पतीच्या मृत्यूचा दाखला असतो, सातबाऱ्याचा उतारा असतो आणि आधार कार्डाची छायाप्रत असते.

अशा एका घरी जाण्याचा प्रसंग काही वर्षांपूर्वी आमच्यावर आला होता. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातले ते गाव. घरच्या कर्त्या पुरुषाने स्वतःच्या हाताने आपले जीवन संपवले होते. आम्ही धर्मगुरू या नात्याने त्या विधवेसमोर बसलो आणि सेमिनरीत जे शिकलो होतो ते बोललो. देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याची परीक्षा पाहतो, आपल्या वाट्याला आलेला क्रूस स्वीकारावा, प्रभू बळ देईल, असे आम्ही सांगितले. त्या भगिनीने सारे शांतपणे ऐकून घेतले. आम्ही उठू लागलो तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "फादर, सातबाऱ्यावर आता नाव कोनाचं येईन?"

त्याचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. तिने जे विचारलेच नव्हते त्याचे उत्तर आम्ही अर्धा तास देत होतो, आणि जे तिला जाणून घ्यायचे होते त्याबाबत आम्ही अनभिज्ञ होतो. दुःखाचा ख्रिस्ती अर्थ या विषयावर आज लिहिताना तो प्रसंग आम्ही जाणूनबुजून समोर ठेवीत आहोत. आमच्या मते, आपल्या प्रदेशात या विषयाची चर्चा त्या अंगणातूनच सुरू व्हावयास हवी.

चाळीस वर्षांची जखम

१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह आपली जीवनयात्रा संपविली. शेतकरी कुटुंबाच्या आत्महत्येची पहिली ठळक नोंद म्हणून महाराष्ट्रात या घटनेकडे पाहिले जाते. २०१७ पासून दरवर्षी या दिवशी राज्यात अनेक ठिकाणी लोक एक दिवस अन्नत्याग करून शेतकऱ्यांप्रती सहवेदना व्यक्त करतात. आपल्या श्रद्धावंतांच्या ध्यानात कदाचित आले नसेल की १९ मार्च हा संत योसेफ यांचा महोत्सव आहे. कुटुंबाचा पोशिंदा, श्रमिकांचा आदर्श आणि शांत मरणाचा आश्रयदाता म्हणून ख्रिस्तसभा ज्या संताची मध्यस्थी मागते, त्याच्याच दिवशी वऱ्हाडच्या एका पोशिंद्याचा आणि त्याच्या घराचा अशा रीतीने अंत व्हावा, ही गोष्ट आपल्याला अस्वस्थ केल्यावाचून राहू नये.

पुढील वीस वर्षांत ही जखम चिघळत गेली. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या दौऱ्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. यांपैकी वर्धा वगळता उरलेले पाचही जिल्हे आपल्या अमरावती धर्मप्रांताचे आहेत. २००८ मध्ये केंद्राची कर्जमाफी आली, २०१७ मध्ये राज्याची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना आली. तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२३ सालच्या अहवालानुसार देशात शेतीक्षेत्रातील १०,७८६ व्यक्तींनी आत्महत्या केल्या आणि त्यांपैकी ३८ टक्क्यांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातील होत्या.

या आकड्यातील एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. देशभरातील या १०,७८६ व्यक्तींपैकी ६,०९६ शेतमजूर होते. म्हणजे शेतकऱ्यांपेक्षा मजुरांची संख्या मोठी आहे. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याच्या नावे पीककर्ज नाही. आणि ज्याच्या नावे कर्ज नाही, त्याला कर्जमाफीही नाही. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबे भूमिहीन मजुरांची आहेत, हे आम्ही वाचकांना वेगळे सांगावयास नको.

हे दुःख कोठून आले?

दुःखाचा अर्थ शोधण्यापूर्वी त्याचे कारण शोधणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण होय. वऱ्हाडची शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही तिची प्रमुख पिके. बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी यांवरील खर्च हंगामाच्या आरंभीच करावा लागतो. उत्पन्न मात्र पाऊस, कीड आणि बाजार या तिघांच्या हाती असते. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली व काही वर्षे बोंडअळी आटोक्यात राहिली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापसाची मोठी हानी केली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले. ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस बाजारात येण्याच्या अगोदर, केंद्र शासनाने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते उठविले. त्याच वर्षीच्या अतिवृष्टीनंतर राज्य शासनाला ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचे मदतकार्य जाहीर करावे लागले.

ज्याला बँक दारात उभे करीत नाही तो सावकाराकडे जातो. मुलीचे लग्न, घरातील दीर्घ आजार, बोअरवेलचा फसलेला खर्च आणि दोन ओळीने बुडालेले हंगाम एकत्र आले की माणूस खचतो. त्यात दारू आणि लोकलज्जा यांची भर पडते. आत्महत्येला बहुधा एकच कारण नसते, अनेक कारणांची गाठ पडलेली असते, असे या क्षेत्रात काम करणारे सांगतात, आणि आमचा धर्मग्रामांतील अनुभवही तसाच आहे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. या दुःखाचा बराच मोठा भाग माणसांच्या निर्णयांतून निर्माण झालेला आहे. बाजाराचे धोरण, पतपुरवठ्याची रीत, सावकारी, हुंडा, लग्नातील मानपान यांपैकी काहीही देवाने स्वर्गातून धाडलेले नाही. अशा वेळी एखाद्या घरी जाऊन 'ही देवाची इच्छा होती' असे म्हणणे म्हणजे माणसांच्या अपराधाखाली देवाची सही करणे होय. भक्तीच्या भाषेत बोललेले असत्य हे असत्यच राहते.

ईयोबाचे मित्र

पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक स्पष्ट आहे. ईयोबाची गुरे, घर आणि मुले गेली तेव्हा त्याचे तीन मित्र आले. पहिले सात दिवस व सात रात्री ते त्याच्यासोबत जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. तोवर ते खरे मित्र होते. नंतर त्यांनी तोंड उघडले आणि तुझ्या हातून काही पाप घडले असलेच पाहिजे, असे पुन्हा पुन्हा सांगू लागले. ग्रंथाच्या शेवटी देव ईयोबावर रागावत नाही. ज्यांनी देवाच्या बाजूने इतके युक्तिवाद केले त्या मित्रांवरच त्याचा कोप होतो.

प्रभू येशूच्या शिष्यांनाही हाच मोह झाला होता. जन्मांध मनुष्य पाहून त्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आणि लगेच त्या मनुष्याला दृष्टी देण्याच्या कामास प्रारंभ केला (योहान ९). शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हाही ती इतरांहून अधिक पापी होती, हा समज त्याने खोडून काढला (लूक १३). लाजराच्या कबरेपाशी प्रभूने प्रवचन केले नाही, तो रडला. गेथसेमनी बागेत हा प्याला टळावा अशी त्याने पित्याला विनंती केली, आणि क्रुसावर असताना पित्याने आपला त्याग का केला, असा आक्रोश केला. प्रभूचा आक्रोश शुभवर्तमानात जपून ठेवणारी ख्रिस्तसभा कोणत्याही विधवेला 'असे का, हे विचारू नये' म्हणून गप्प बसवू शकत नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखसहनाच्या ख्रिस्ती अर्थावर 'साल्विफिची दोलोरिस' हे प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले. १३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. स्वतःच्या देहावर व्रण असलेल्या माणसाने लिहिलेले हे पत्र आहे. त्यातील विचारांची दोन टोके आमच्या वाचकांनी एकत्र धरावीत, अशी आमची विनंती आहे. पहिले टोक असे, की जो दुःख भोगतो आहे तो आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखसहनाशी जोडू शकतो आणि त्यामुळे ते निष्फळ राहत नाही. संत पौल यांनी कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रातील अनुभव हाच होय. दुसरे टोक असे, की या पत्राचा अखेरचा मोठा भाग चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यावर आहे. दुसऱ्याचे दुःख आपल्यातील प्रीती जागी करण्यासाठी आपल्यासमोर येते, असे पोप महोदय तेथे शिकवितात.

या दोन टोकांची अदलाबदल केली की अनर्थ होतो. माझ्या दुःखात मी क्रूस पाहणे ही श्रद्धा होय. शेजाऱ्याच्या दुःखात मात्र मला माझे कर्तव्य दिसले पाहिजे. जखमी माणसाजवळून निघून गेलेल्या याजकाने आणि लेव्याने मनातल्या मनात त्याच्यासाठी प्रार्थना केलीही असेल, परंतु प्रभूने त्यांना शेजारी म्हटले नाही. शोमरोनी माणसाने दुःखाची मीमांसा केली नाही, त्याने जखमा बांधल्या आणि उतारशाळेचा खर्च स्वतः भरला. दुःखाला अर्थ देण्याचा अधिकार प्रथम ते भोगणाऱ्याचा आहे. तो अर्थ त्याच्या अंतःकरणात पवित्र आत्मा हळूहळू फुलवितो, आणि त्याला वर्षे लागू शकतात. आपण तो बाहेरून त्याच्या हाती देऊ शकत नाही. आपण फक्त इतके करू शकतो की तोवर तो एकटा पडणार नाही.

ख्रिस्तसभेची दफनभूमी आणि तिचे दार

येथे एका नाजूक प्रश्नाला सामोरे जाणे आवश्यक आहे. आजही काही धर्मग्रामांत आत्महत्या केलेल्या व्यक्तीच्या घरच्यांना कुजबूज ऐकावी लागते. त्याला चर्चमध्ये आणता येईल का, मिस्सा अर्पिता येईल का, असे प्रश्न विचारले जातात. याचे मूळ जुन्या नियमांत आहे. १९१७ च्या विधानसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जात असे. १९८३ मध्ये जारी झालेल्या नव्या संहितेत ही तरतूद ठेवलेली नाही. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात, ज्याला आपण कॅटेकिझम म्हणतो, आत्महत्या ही देवाने दिलेल्या जीवनदानाच्या विरुद्ध असल्याचे सांगून पुढे हेही स्पष्ट केले आहे की तीव्र मानसिक आघात, यातना किंवा भीती यांमुळे त्या व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते. अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असेही तेथे म्हटले आहे.

देशाच्या कायद्यालाही हे उशिरा उमगले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली होती असे गृहीत धरावे व तिला उपचार मिळावेत अशी तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ उरलेले नाही.

म्हणून आम्ही स्पष्टपणे लिहितो : अशा कुटुंबासाठी चर्चचे दार उघडे आहे. मिस्सा अर्पिली जाते, दफनविधी केला जातो, आणि जो कोणी त्या घरावर कलंक लावतो तो ख्रिस्तसभेच्या नावाने बोलत नाही. त्याचबरोबर दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट असू द्यावी. आत्महत्या हे बलिदान नव्हे. 'मी गेलो तर घरच्यांना मदत तरी मिळेल' असा विचार कोणाच्या मनात घोळत असेल तर तो विचार खोटा आहे. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला काय येते, ते पुढे पाहू.

मागे राहिलेली

महाराष्ट्र शासन आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य देत आले आहे. २००६ पासूनच्या नियमांनुसार त्यातील ३० हजार रुपये तत्काळ आणि ७० हजार रुपये ठेवीच्या रूपात दिले जात. परंतु त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. जमीन, कर्ज आणि परतफेडीचा तगादा यांची कागदपत्रे तपासली जातात आणि अनेक प्रकरणे 'अपात्र' ठरतात. 'अपात्र' हा शब्द विधवेच्या कानी पडतो तेव्हा तिला वाटते की आपल्या पतीचे मरणही खोटे ठरविले गेले.

कर्ज मात्र मरत नाही. सावकार दारात येतो, सासरी जमिनीचा वाद उभा राहतो, मुलीची शाळा सुटते. येथेच आम्हांला विचारलेला तो सातबाऱ्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर आज आम्ही देऊ शकतो, आणि ते प्रत्येक धर्मग्रामात ठाऊक असावे. पतीने मृत्युपत्र केलेले नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार विधवेला मुलांच्या बरोबरीने हिस्सा मिळतो. ख्रिस्ती कुटुंबांना सर्वसाधारणपणे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. त्यानुसार मुले असल्यास विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश हिस्सा मिळतो. सासरच्यांच्या मर्जीचा येथे प्रश्न नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देऊन फेरफार करून घ्यावा लागतो. तो जितका लवकर होईल तितके बरे, कारण नाव चढल्याशिवाय पीककर्ज, पीकविमा आणि नुकसानभरपाई यांपैकी काहीही तिच्यापर्यंत सहजी पोहोचत नाही.

महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि अवैध सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली गरजू विधवांना मासिक साहाय्य मिळते, २०२३ मध्ये ते १,५०० रुपये करण्यात आले. मजुराच्या विधवेला शेतकरी म्हणून मदत मिळत नसली तरी या योजनेसाठी ती अर्ज करू शकते. हे सारे वाचून कोणी म्हणेल की धर्मप्रांताच्या संकेतस्थळावर सातबाऱ्याची आणि अनुदानाची चर्चा कशासाठी? आमचे उत्तर असे की शोमरोनी माणसाने जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, याची नोंद शुभवर्तमानकाराने काळजीपूर्वक केली आहे. प्रीतीला तपशील टाळता येत नाहीत.

आपल्याच मातीतील दोन साक्षी

दुःखातून सेवेकडे जाणारी वाट आपल्या मातीला अपरिचित नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले संत गाडगे महाराज वाचकांना ठाऊक आहेत. १९२३ मध्ये कोकणात कीर्तन चालू असताना त्यांना मुलगा गोविंद याच्या मृत्यूची वार्ता कळली आणि त्यांनी कीर्तन अर्धवट सोडले नाही, ही हकीकत सर्वश्रुत आहे. स्वतःच्या शोकाबाबत इतका संयम पाळणाऱ्या या माणसाने इतरांना मात्र कोरडा संयम शिकविला नाही. भुकेल्यांसाठी त्यांनी अन्नछत्रे काढली, निवारा नसलेल्यांसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि कर्ज काढून सण व लग्ने करू नका असे गावोगाव बजावले. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले आणि त्यांची समाधी अमरावतीतच आहे.

दुसरी साक्ष तपोवनाची. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ कुष्ठरोग्यांसाठी ही वसाहत उभी केली. त्या काळी कुष्ठरोग हा पूर्वपापाचा भोग मानला जाई. तेथे रुग्णांवर उपचार झाले, आणि समाजाने वाळीत टाकलेल्या हातांना काम मिळाले. या दोन्ही थोर व्यक्ती ख्रिस्ती नव्हत्या. परंतु प्रभूच्या दाखल्यातील शोमरोनी माणूस तरी कोठे यहुदी धर्मपीठाचा सदस्य होता? ज्यांना क्रुसाचे चिन्ह लहानपणीच कपाळावर मिळाले, त्या आपल्याकडून प्रभू याहून कमी कसे मागेल?

योबेल आणि कर्जमुक्ती

२४ डिसेंबर २०२४ रोजी आरंभ झालेले आशेचे योबेल वर्ष ६ जानेवारी २०२६ रोजी समाप्त झाले. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायातील योबेलाचा मूळ आशय आपण कितपत ध्यानात घेतला? पन्नासाव्या वर्षी गेलेली जमीन मूळ कुटुंबाला परत मिळावी आणि कर्जापायी दास झालेला माणूस मोकळा व्हावा, ही त्यामागील देवाची आज्ञा होती. जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळचे प्रवासी आहात, असे देव तेथे बजावतो. पोप फ्रान्सिस यांनी योबेलाच्या घोषणापत्रात गरीब राष्ट्रांच्या कर्जमाफीचे आवाहन केले होते.

त्याच योबेल वर्षात, जून २०२५ मध्ये, आपल्या जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे माजी आमदार बच्चू कडू यांनी शेतकरी कर्जमाफी व अन्य मागण्यांसाठी अन्नत्याग आंदोलन केले. ऑक्टोबरमध्ये नागपूर येथे मोठा मोर्चा निघाला, आणि त्यानंतर राज्य शासनाने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे आश्वासन दिले. आम्ही कोणत्याही पक्षाची बाजू घेत नाही. परंतु मागील तीनही कर्जमाफ्यांचा अनुभव सांगतो की ती संस्थात्मक कर्जापुरती असते. सावकाराच्या वहीला, मजुराच्या उधारीला आणि पुढच्या हंगामाच्या भावाला ती स्पर्श करीत नाही. योबेलाच्या आज्ञेत कर्जातून सुटका आणि जमिनीची परतफेड या दोन्ही गोष्टी होत्या, कारण केवळ कर्ज फेडून माणूस उभा राहत नाही, त्याला उभे राहण्यास जागाही लागते. कर्जमुक्तीबरोबर हमीभावाची खात्री, वेळेवर पतपुरवठा आणि शेतमजुरांना संरक्षण यांची मागणी श्रद्धावंतांनी नागरिक या नात्याने करावी. ती राजकारणात ढवळाढवळ ठरत नाही.

धर्मग्रामाने काय करावे?

आमच्या मते पाच गोष्टी लगेच शक्य आहेत.

पहिली, दुःख घडलेल्या घरी पहिल्या आठ दिवसांत प्रवचन करू नये. ईयोबाच्या मित्रांप्रमाणे शेजारी बसावे आणि त्यांनी पुढे केलेली चूक टाळावी. स्वयंपाक, गुरांचा चारा आणि मुलांची शाळा इतके सांभाळले तरी पुष्कळ झाले.

दुसरी, प्रत्येक धर्मग्रामात कागदपत्रांची माहिती असलेल्या दोन व्यक्ती ठरवाव्यात. निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी किंवा वकील आपल्यात आहेतच. संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने चालणारी संस्था आणि महिला बचत गट यांनी हे काम अंगावर घ्यावे. तहसीलात एकट्या स्त्रीबरोबर जाणे हीदेखील एक क्रुसाची वाट आहे.

तिसरी, लग्न आणि पहिल्या ख्रिस्तशरीराच्या सोहळ्यातील खर्च सुखवस्तू कुटुंबांनी प्रथम कमी करावा. श्रीमंताच्या मांडवाची लांबी गरिबाच्या कर्जाची लांबी ठरवीत असते.

चौथी, खचलेल्या माणसाला त्याच्या मनात जीव देण्याचा विचार येतो का, हे आपुलकीने व थेट विचारावे. विचारल्याने तो विचार वाढत नाही, बोलल्याने ओझे हलके होते. अशा व्यक्तीला एकटे सोडू नये, तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. हा क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर लावावा. औषध घेणे ही श्रद्धेची उणीव नव्हे, डॉक्टरांचे ज्ञान ही देवाचीच देणगी आहे.

पाचवी, दरवर्षी १९ मार्च रोजी संत योसेफ यांच्या महोत्सवाच्या मिस्सामध्ये शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांसाठी प्रार्थना करावी, व त्या सायंकाळी अशा एका तरी घरी जावे. महोत्सवाच्या दिवशी उपवासाचे बंधन नाही, भेटीचे मात्र असू द्यावे.

शेतावरून येणारा शिमोन

उपवासकाळात आपण क्रुसाच्या वाटेच्या चौदा स्थानांपुढे गुडघे टेकतो. पाचव्या स्थानापाशी कुरेनेकर शिमोन भेटतो. मार्क आणि लूक दोघेही सांगतात की तो शेतावरून येत होता. तेथून जाणाऱ्या त्या माणसाला शिपायांनी धरले आणि ख्रिस्ताचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. त्याने तो स्वतःहून मागितला नव्हता. तो त्याच्यावर लादला गेला. तरीही त्याचे आणि त्याच्या दोन मुलांचे नाव शुभवर्तमानात राहिले, म्हणजे त्या लादलेल्या ओझ्यातून पुढे त्याच्या घरात काहीतरी उगवले असावे. त्या दिवशी मात्र त्याला कोणी अर्थ सांगितला नव्हता. तो फक्त एका जखमी माणसाच्या शेजारून चालत होता, आणि तो जखमी माणूस देवाचा पुत्र होता.

एके काळी शेतावरून येणाऱ्या माणसाने प्रभूचा क्रूस उचलला. आज वऱ्हाडात शेतावरून येणारा माणूसच क्रुसाखाली कोसळला आहे आणि प्रभू आपल्याकडे पाहतो आहे. ज्या श्रद्धावंतांच्या स्वतःच्या घरी हे दुःख आले आहे त्यांना आम्ही इतकेच सांगू इच्छितो : तुमच्या प्रश्नाची प्रभूला भीती वाटत नाही. तो प्रश्न त्यानेही विचारला होता. उत्तर येईतो तुम्ही श्रद्धा गमावली असे समजू नका, आणि एकट्याने चालू नका.

उरलेल्या आपणा सर्वांसाठी राजापेठेचा उंबरठा आहे. प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रे घेऊन रस्ता विचारणारी ती भगिनी उद्या सकाळीही बसमधून उतरेल. तिला रस्ता सांगून आपण आपल्या कामाला निघून जाऊ शकतो. तिच्याबरोबर तहसीलापर्यंत चालतही जाऊ शकतो. दुःखाचा ख्रिस्ती अर्थ आम्हांस जो काही थोडासा कळला आहे, तो त्या चालण्यात कळला आहे.

प्रभू आपणां सर्वांना शिमोनाचा खांदा देवो.